भोगीची भाकरी आणि तुकोबांची अट

13 जानेवारी, भोगीचा दिवस. पहाटे पुण्याहून दिल्लीला निघालेले विमान दिल्लीला उतरलेच नाही. तिथे धुके दाटले होते. हिवाळ्यात हे दरवर्षीचेच. धावपट्टी दिसेनाशी झाली की ‘कॅट-थ्री’ पद्धतीने उतरण्याचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक आणि तशी यंत्रणा असलेली विमानेच खाली येऊ शकतात. बाकीची जयपूर, अहमदाबाद अशा ठिकाणी वळवली जातात. हे विमान जयपूरला आले. आधी तासभर थांबा, मग आणखी दोन तास, मग कर्मचाऱ्यांच्या कामाची नियमाने ठरलेली वेळ संपली आणि दुपारी घोषणा झाली: आता उद्या सकाळी.

त्या विमानात एक वारकरी कीर्तनकार होते. वय साठीच्या पुढे. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे शिकलेले. संक्रांतीच्या संध्याकाळी दिल्लीतल्या मराठी मंडळींसमोर त्यांचे कीर्तन होते. टाळकरी रेल्वेने आधीच पोचले होते. महाराजांबरोबर होता फक्त एक तरुण पखवाजवादक. त्याची मावसबहीण जयपूरच्या जगतपुऱ्यात राहते. विमानतळावरून जवाहर सर्कलच्या बाजूने निघाले की महल रोडवरच्या तिच्या सोसायटीत पोचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्याने फोन केला. पलीकडून उत्तर आले, “विचारतोस काय? गाडी पाठवते.”

ही ताई मूळची अमरावतीची. जयपूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. महाराज घरी येणार म्हटल्यावर तिने दोन गोष्टी केल्या. सोसायटीतल्या पाच मराठी घरांना निरोप दिला, की रात्री आठला आपल्याकडे कीर्तन आहे. आणि भोगीची भाजी चुलीवर चढवली: वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, वर तिळाचे कूट. बाजरीच्या भाकऱ्यांसाठी तीळ वेगळे काढून ठेवले. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

वादाला सुरुवात कणकेवरून झाली. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो खर्जात बोलतो. बाजरीचे पीठ उपयोगाचे नाही. त्याला चिकटपणा नसतो, थाप पडली की भुगा होऊन गळते. मावसभाऊ स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “ताई, मूठभर गव्हाची कणीक दे.” बाहेरच्या खोलीतून महाराजांचा आवाज आला, “थांब रे. इथलं पीठ घेऊ नकोस.”

ताई हात पुसत बाहेर आली. महाराजांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून समोर ठेवली होती. चारांपैकी दोन विमानतळावर खाऊन झाल्या होत्या.

“महाराज, हे काय? पानं घेते आहे मी.”

“माउली, तुम्ही कीर्तन ठेवलं आहे. जिथे कीर्तन करायचं तिथे मी जेवत नाही. तुकोबांची अट आहे.”

वारकऱ्यांना ही अट नवी नाही. तुकोबांचा एक अभंगच कीर्तनकाराच्या आचारसंहितेसारखा आहे. कीर्तनाच्या ठिकाणी अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, सोबतच्या घोड्याबैलासाठी दाणावैरणसुद्धा मागू नये. आणि शेवटी सगळ्यांत कडक कलम: कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा, दोघेही नरकाला जातात. आज कित्येक सप्ताहांत बिदागी फोनवर ठरते आणि पंगतीत कीर्तनकाराचे पान सगळ्यांत आधी वाढले जाते. तरीही प्रवासखर्चापलीकडे काही न घेणारे, जेवण शेजारच्या गावी किंवा स्वतःच्या डब्यातले घेणारे कीर्तनकार अजून आहेत. हे महाराज त्यांतले.

“घोड्याचा दाणासुद्धा नको म्हणतात तुकोबा,” महाराज म्हणाले. “मग पखवाजाची कणीक कशी घेऊ? तोही आमचा बैलच.”

ताई समोरच्या खुर्चीवर बसली. “रागावू नका, पण मला हा नियम अपुरा वाटतो. घेणाऱ्याच्या बाजूने तो चोख आहे. देणाऱ्याच्या बाजूने कोणी पाहिलं आहे का? सकाळपासून उपाशी माणूस माझ्या दारात येतो, मी भोगीचा स्वयंपाक करते आणि तो माझ्या घरात बसून कालच्या दशम्या खातो. मला कसं वाटेल?”

“वाईट वाटेल, हे कळतं. पण त्या कलमात देणाराही आहे. तो नियम मला वाचवतो तसा तुम्हालाही वाचवतो.”

“कशापासून?”

“मी तुमचं जेवलो आणि मग नारदाच्या गादीवर उभा राहिलो, तर जिभेला लगाम लागतो. समोर यजमान बसलेले. त्यांच्या घरात काही खुपलं तर ते बोलायला मी कचरणार. आणि तुम्हीही मनात म्हणणार, जेवण चांगलं झालं होतं, आता कीर्तनही तसंच होऊ दे. मीठ खाल्लं की माणूस गोड बोलतो.”

ताईने वाद वेगळ्या वाटेने नेला. अमरावतीकर माणसाने गाडगेबाबांचे नाव काढणे साहजिकच. “बाबा शेंडगावचे, आमच्या जिल्ह्यातले. 1905 साली घर सोडलं ते कायमचं. गावात शिरले की आधी झाडू, रात्री कीर्तन. पण भाकर ते लोकांच्या दारातूनच मागून घेत ना? फुटक्या गाडग्यात घेऊन खात. देणाऱ्या बाईला त्यांनी परतवलं नाही.”

“बाबांचंच उदाहरण घ्या,” महाराज पुढे सरसावले. “पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, एवढ्या धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र त्यांत मुक्कामाला राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आणि 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवला तोही अमरावतीच्या वाटेवर, प्रवासात. हजारो माणसांच्या रात्रीची सोय करणाऱ्याने स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. म्हणून तर कोणत्याही सावकाराला, कोणत्याही मंत्र्याला ते तोंडावर बोलू शकले.”

“मान्य. पण धर्मशाळा का बांधल्या, तेही पाहा,” ताई म्हणाली. “वाटेत रात्र पडलेल्या माणसाला दार मिळेलच असं नाही, आणि काही जातींच्या माणसांना तर मिळतच नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. चोखोबांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली ती त्यामुळेच. दार उघडणं ही मोठी गोष्ट आहे, महाराज. उघडलेल्या दाराला नाही म्हणणं तितकंच जड असतं.”

एव्हाना एक-दोन शेजारी आले होते. दाराशी चपला काढून सतरंजीवर बसले. कीर्तनाऐवजी काहीतरी वेगळेच चालले आहे हे त्यांच्या लक्षात आले, पण कोणी मध्ये बोलले नाही.

ताईने पुढचे उदाहरण काढले ते जवळपास दीडशे वर्षांपूर्वीचे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. बायको-मुलांना घेऊन ते वर्षानुवर्षे एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्राला चालत गेले. देवळाच्या ओसरीत किंवा नदीच्या घाटावर बसायचे, पोथी उघडायची, पुराण सांगायचे. ऐकणारे लोक धान्य, फळे, कापड, पैसे पुढ्यात ठेवत. त्यावर घर चाले. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा समोरचे श्रोतेच उपाशी होते. शास्त्र्यांना दुसरे कोणते काम करायची सवय नव्हती आणि भीक मागणे मनाला पटत नव्हते. होते नव्हते ते विकून झाले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास चालत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटले, त्याआधीची वाट अशी होती.

“त्या घरातल्या एकालाही एखाद्या दारात जाऊन ‘जेवायला वाढा’ म्हणता आलं असतं, तर?” ताईने विचारले. “सांगणाऱ्याचा ताठा कधीकधी त्याच्या बायकामुलांचा जीव घेतो.”

महाराज थोडा वेळ बोलले नाहीत. मग सावकाश म्हणाले, “हे मी वाचलं आहे. वाचून झोप लागली नव्हती. पण माउली, मला त्यातून उलटंच दिसतं. शास्त्रीबुवांचं पोट श्रोत्यांच्या हातात होतं. श्रोते आटले, पोट आटलं. तुकोबांचं दुकान होतं, नामदेवराय शिंपी, सावतोबा माळी, गोरोबा कुंभार. कथा हा आमच्यात धंदा नव्हताच. माझीही दीड एकर जमीन आहे, त्यावर घर चालतं. म्हणून मी दशमी बांधून निघू शकतो.”

“म्हणजे नियम ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याच्यासाठी.”

“हा घाव बरोबर बसला,” महाराज म्हणाले. “ज्याच्याकडे नाही त्याला मी नावं ठेवत नाही.”

नामदेवांचे नाव आले तशी चर्चा घराजवळ आली. जगतपुऱ्याला लागूनच सांगानेर आहे. ठशांनी कापड छापणाऱ्या छीपा कारागिरांचे गाव. राजस्थानातले छीपा नामदेवांना आपले मानतात. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. शहराच्या पूर्वेच्या डोंगरात गलता आहे. तिथल्या रामानंदी परंपरेतल्या नाभादासांनी 1600 च्या सुमारास ‘भक्तमाल’ रचला, त्यात पंढरीचा हा शिंपी आहे. दादूपंथी साधूंनी आपल्या हस्तलिखित पोथ्यांत दादू, कबीर, रैदास यांच्या जोडीला नामदेवांची हिंदी पदे जपली. त्या पोथ्यांवरून विनांद कालवार्ट आणि जयपूरचेच विद्वान मुकुंद लाठ यांनी 1989 मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांची संपादित आवृत्ती काढली.

“पंढरपूरहून निघालेला कीर्तनकार पंजाबात घुमानला जाऊन वर्षानुवर्षं राहिला,” ताई म्हणाली. “तिथे त्याला जेवायला कोणी वाढलं? ज्यांच्यासमोर तो गात होता त्यांनीच ना? रोज दुसऱ्या गावी जेवायला जाता येत नाही. त्या लोकांनी त्याचे शब्द सातशे वर्षं सांभाळले. नुसतं ऐकून कोणी इतकं सांभाळत नाही. घरात घेतलेल्या माणसाचंच सांभाळतात.”

“नामदेव घुमानला पाहुणे नव्हते, गावकरी झाले होते. गावकरी कष्ट करून खातो. मी उद्या सकाळी जाणार. माझं नातं वेगळं.”

“अगदी हाच भेद एका जुन्या ग्रीक पुस्तिकेत आहे,” ताई म्हणाली आणि उठून कपाटातून एक पुस्तक काढून आणले. ती पुस्तिका ‘डिडॅके’. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिलेली. शतकानुशतके ती हरवली होती. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात सापडली आणि दहा वर्षांनी छापली गेली. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांनी कसे वागावे आणि गावाने त्यांच्याशी कसे वागावे, याचे त्यात स्पष्ट नियम आहेत. आलेल्याचे स्वागत करा. त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल इतकी भाकरी द्यावी, बाकी काही नाही. पैसे मागितले तर तो खोटा. आणि कायम राहायचे असेल, हातात कसब असेल, तर त्याने काम करून खावे.

महाराजांनी चष्मा पुसला. “तुकोबांनी हे वाचलेलं असणं शक्य नाही.”

“नाही. पण दोघांना तोच लबाड माणूस दिसला असावा. धर्माच्या नावाने पोट भरणारा. फक्त तिथल्यांनी भाकरीला मोकळीक दिली, एका रात्रीला मोकळीक दिली. तुकोबांनी तीही काढून घेतली.”

“तुकोबांनी लबाडी जवळून पाहिली होती.”

शेजाऱ्यांपैकी एक आजोबा आता बोलले. त्यांच्या मजल्यावर एक दिगंबर जैन कुटुंब राहते. मुनिमहाराज या भागात आले की ते कुटुंब सकाळी धुतलेल्या कपड्यांत कलश घेऊन दारात उभे राहते. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. मनात एखादा संकल्प करून निघतात, अमुक दिसले तरच थांबायचे. तो जुळला नाही तर उपाशी परततात. “सकाळी प्रवचन त्यांनीच दिलेलं असतं,” आजोबा म्हणाले, “आणि आहारही ऐकणाऱ्यांच्याच घरी. पण त्यांना कोणी विकत घेतलं असं आम्हाला कधी वाटलं नाही.”

महाराजांना हे मनापासून आवडले. “वाटणार नाही. कारण कोणतं दार, हे आधी ठरलेलं नाही. देणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. सौदा व्हायला दोघांनी आधी भेटावं लागतं. इथे भेटच अवचित.”

ताई पुढे झुकली. “महाराज, आता तुमच्याच शब्दांनी विचारते. आजची रात्र कोणी ठरवली?”

“धुक्याने.”

“मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्ही सुपारी घेतली नव्हती. सकाळी तुम्हाला जगतपुरा हे नावही माहीत नव्हतं. अतिथी शब्दच पाहा, ज्याची तिथी ठरलेली नाही तो. मनुस्मृतीतली बाकी कलमं मला मान्य नाहीत, पण अतिथीची व्याख्या तिथेही हीच आहे, एक रात्र राहतो तो. तुमचा नियम बोलावून आणलेल्या कीर्तनकारासाठी आहे. आज या घरात कीर्तनकार आलाच नाही. विमान चुकलेला म्हातारा माणूस आला आहे.”

खोलीत सगळे गप्प झाले. पखवाजवाला मावसभाऊ महाराजांकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असे समोरासमोर अडवलेले त्याने पाहिले नव्हते.

“बरोबर आहे,” महाराज म्हणाले. “मग मी जेवतो. पण कीर्तन करणार नाही. म्हाताऱ्या प्रवाशाने कीर्तन करायचं कारण नाही.”

“आणि ही मंडळी जमली आहेत ती?”

“ते तुम्ही निरोप देण्याआधी विचारायला हवं होतं, माउली.”

ताईने ते निमूटपणे मान्य केले. घाईत तिने स्वतःच त्या रात्रीला बोलावणे चिकटवले होते. ती म्हणाली, “चूक माझी. जेवायला बसा.” आणि आत जाऊन तवा ठेवला. भाकरी थापताना वरून तीळ दाबले, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला. पहिली भाकरी फुगली तेव्हा तिळाचा खमंग वास बाहेरपर्यंत आला. महाराज सतरंजीवरच बसले. भाजीबरोबर लोण्याचा गोळा होता. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. जेवताना ते भाजीबद्दल बोलले, सोलापूरकडे भोगीच्या भाजीत बोरे घालतात त्याबद्दल बोलले. परमार्थाचा शब्द काढला नाही.

हात धुऊन झाल्यावर आजोबांनीच विचारले, “हरिपाठ म्हणायला हरकत आहे का?”

महाराज हसले. हरिपाठात वक्ता नसतो. सगळे मिळून म्हणायचा असतो, आळंदीला आणि वारीच्या वाटेवर रोज म्हणतात तसा. गादी नाही, बुक्का नाही, कोणी कोणाला सांगत नाही. “अजिबात नाही,” ते म्हणाले, “मी टाळ धरतो.” मग मावसभावाकडे वळून, “कणीक घे रे.”

ताईने गव्हाची कणीक मूठभर काढून दिली. त्याने ती पाण्याच्या हाताने मळून मऊ केली, धुमेवर मधोमध थापली, अंगठ्याने कडा पसरल्या, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा मारली. तिसऱ्या खेपेला हवा तो घुमारा आला. पाचही घरांतल्या मुलांना शब्द येत नव्हते, ती टाळ्या वाजवत राहिली. अर्ध्या-पाऊण तासाने घरे आपापल्या मजल्यांवर गेली.

झोपण्यापूर्वी ताईने पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारले, “समजा मी कीर्तनाचं बोललेच नसते, तुम्ही जेवला असता, आणि मग मंडळींनी आग्रह केला असता तर?”

“तर मला फार जड गेलं असतं,” महाराज म्हणाले. “जेवल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. म्हणून तर तुकोबांनी जेवणच तोडलं.”

“हे मला अजून पटलेलं नाही.”

“मलाही तुमचं सगळं पटलेलं नाही. अर्धं पटलं, म्हणून अर्धी भाकरी जास्त घेतली.”

सकाळी सहाला निरोप आला. दिल्लीचे धुके विरळ होत आहे, विमान साडेनऊला. संक्रांतीचा दिवस. जयपूरची मुले उजाडायच्या आत गच्चीवर पोचली होती, आणि महल रोडवरच्या इमारतींच्या माथ्यावर पतंग दिसू लागले होते. हरे कृष्ण मंदिराच्या परिसरातल्या अक्षयपात्रच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून ताईने सांगितले, की शाळेच्या दिवशी तिथून मुलांसाठी दुपारचे जेवण निघते. महाराजांनी हात जोडले. “अन्न नामाच्या घरातून बाहेर जातं आहे. ही दिशा मला समजते.”

“काल माझ्या घरातलं आत आलं, तीही दिशा समजून घ्या,” ताई म्हणाली.

मावसभावाने पखवाजावरची वाळलेली कणीक नखाने खरवडून गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. पारवे लगेच उतरले. ताईने कागदात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या आणि तिळाची चटणी महाराजांच्या हातात दिली.

“दोनच?” त्यांनी विचारले.

“दिल्लीपर्यंत पुरतील एवढ्या.”

त्यांनी भाकऱ्या पिशवीत ठेवल्या आणि त्याच पिशवीतून फडक्यातल्या दोन दशम्या काढून तिच्यासमोर धरल्या. “या काल उरल्या. पुण्याच्या आहेत, दुधात भिजवलेल्या. आज सहज टिकतील.” ताईने त्या घेतल्या. गाडी फाटकातून बाहेर पडून विमानतळाच्या दिशेने वळली, तेव्हा तिने एक दशमी तव्यावर गरम करायला ठेवली होती.